तहकूब सभा

बी.ए.ला माझा मुख्य विषय मराठी होता. जोडीचा दुय्यम विषय म्हणून मला अर्थशास्त्र हवं होतं, पण मी पोचेपर्यंत त्या वर्गाच्या जागा भरल्या होत्या. ऑफिसातले क्लार्क म्हणाले, "राज्यशास्त्र घ्या. पाठ केलं की पास." मी घेतलं. औरंगाबादेतल्या कॉलेजची ती वर्षं आजही आठवतात, ती या नाइलाजानं घेतलेल्या विषयामुळंच.

राज्यशास्त्राचे सर निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा ते शाळेत होते. पहिल्याच तासाला म्हणाले, "आमच्या लहानपणी वर हुकूमत आणि खाली रयत, एवढंच राज्यशास्त्र होतं. आता तुम्ही मालक आहात. मालकाला आपली इस्टेट ठाऊक पाहिजे." मराठीच्या तासाला मी कविता लिहून घ्यायची. या तासाला मात्र अंगातून वीज गेल्यासारखं व्हायचं. चार वाजताची एसटी सोडून मी वर्गाबाहेर सरांना प्रश्न विचारत उभी राहायची.

हिवाळ्यात सरांनी काम दिलं. "आपापल्या गावची ग्रामसभा बघा आणि चार पानं लिहा. पुस्तकातलं एक वाक्य नको."

आमचं गाव करमाडच्या पुढं, आडवाटेला. ग्रामसभेत बायका जात नसत. जाऊ नका असं कुणी म्हटलं नव्हतं, पण कुणी गेलंच नव्हतं. मी वही घेऊन गेले आणि सतरंजीच्या कडेला बसले. सरपंच वडिलांचे चुलतभाऊ, म्हणजे माझे काका. विषय होता हातपंपाचा. पाणी लागेल अशा दोन जागा सरकारी माणसानं दाखवून ठेवल्या होत्या. एक काकांच्या वाड्यासमोर, दुसरी शाळेजवळ. शाळेजवळ झाला तर खालच्या आळीला आणि मोमीन गल्लीला, दोघांनाही जवळ पडणार होता. काकांनी वाड्यासमोरच्या जागेचा ठराव वाचून दाखवला आणि ग्रामसेवक लिहायला लागले.

मी माणसं मोजली. अकरा. मी उभी राहिले.

"काका, गणपूर्ती झाली का?"

"काय झाली का?"

"कोरम. कायद्याला पाहिजेत तेवढी माणसं इथं नाहीत."

ग्रामसेवकांचं पेन थांबलं. त्यांनी हळूच मान हलवली. काका चिडले नाहीत, उलट हसले. "बरं. सभा तहकूब. पुढच्या आठवड्यात ह्याच वक्ताला. आन पोरी, तहकूब सभेला कोरम लागत नसतो. हे नाय का तुझ्या पुस्तकात?"

सगळे हसले. कान तापले माझे.

सोमवारी सरांना सांगितलं तर तेही मोठ्यानं हसले. "सरपंच बिलकुल बरोबर बोलले. कोरम लागत नाही." मग टेबलावर पुढं झुकले. "पण लागत नाही म्हणून लोकांनी येऊ नये, असं कुठल्या कलमात लिहिलंय?"

मला बाकावर बसवेना. शेजारी खुलताबादकडच्या खेड्यातली मैत्रीण होती. तिच्या गावची सभा झालीच नव्हती, चार पानं तिलाही लिहायची होती. तिनं मला कोपरानं ढोसलं. "मैं बी आती तेरे साथ."

ती शनिवारी आली आणि आम्ही बायकांना सभेला बोलवत घरोघर फिरलो. मोमीन गल्लीत ती बोलायची, खालच्या आळीत मी. कुठं चहा मिळाला, कुठं दार अर्धंच उघडलं. सगळ्यांत अवघड निघाली माझी आई.

"सभेत जाऊन आम्ही काय बोलावं?"

"बोलू नकोस. नुसता हात वर कर."

"हात तिथं न्यायचा आन तोंड घरी ठिवायचं व्हय?" आई म्हणाली आणि घागर घेऊन विहिरीकडं निघून गेली. येणार की नाही, काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी चावडीसमोर लवकर जाऊन बसले. आधी दोघी आल्या, मग पाच. मग मोमीन गल्लीतून माझी मैत्रीण पुढं आणि मागं बायकांची रांग. सतरंजी पुरेना, बायका मातीतच बसल्या. आई सगळ्यांच्या शेवटी आली आणि बसलीच नाही.

काकांनी ठराव वाचला. आई पदर सावरत म्हणाली, "भावजी, तुमच्या घरी आड हाय. आमी दिवसाला आठ खेपा करतो. पंप साळंजवळ पाहिजे." मागून एक म्हातारी ओरडली, "बराबर बोली!"

ग्रामसेवकांनी शाळेजवळच्या जागेसाठी वर झालेले हात मोजले. मोजताना त्यांची दोनदा गडबड झाली, इतके हात होते. मला मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं. मैत्रिणीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तिच्या बांगड्या रुतल्या. काकांनी हातातला ठरावाचा कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "लिहा. शाळेजवळ."

चारऐवजी मी अकरा पानं लिहिली. सरांनी पाच खोडली, पण वही स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवली. परीक्षेत यातलं काहीच आलं नाही. सार्वभौमत्वाची व्याख्या आली आणि मला बेताचेच गुण पडले.

उन्हाळ्यात पंप बसला. काकांनी मात्र आमच्या घरी येणं सोडलं. त्यानंतरच्या संक्रांतीचं वाणही त्यांच्याकडून आलं नाही, याचं आईला वाईट वाटलं. पुढं एका दुपारी ते अचानक अंगणात उभे राहिले. हातात जिल्हा परिषदेचं परिपत्रक.

"वाच बरं ह्ये," ते ओट्यावर टेकत म्हणाले. "ग्रामसेवक एक सांगतो, सभापती दुसरंच सांगतो. तू खरं काय ते सांग."

आईनं चहा टाकला. मी कागद हातात घेतला आणि वरच्या जावक क्रमांकापासून मोठ्यानं वाचायला लागले.