निरोपाचा रोबो

लंडनमधल्या क्रॉयडनच्या आमच्या ऑफिसात एक मराठी मुलगा सॉफ्टवेअर टेस्टिंगला होता, माझ्या शेजारच्याच डेस्कवर. लंचमध्ये सँडविच बाजूला सारून क्रोशाची सुई काढायचा आणि लोकरीचे रोबो विणत बसायचा. मध्येच बोललं की म्हणायचा, "थांब गं, टाके मोजतोय," आणि पुन्हा पुटपुटत मराठीत मोजायला लागायचा. कुणी नोकरी सोडून निघालं की त्या माणसासारखा दिसणारा रोबो तो त्याच्या हातात ठेवायचा. रिसेप्शनवरच्या बाईंच्या रोबोला तर त्याने कागद कापून त्यांचा तो घसरणारा चष्मासुद्धा लावला होता.

मग त्याची जागाच रद्द करून कंपनीने त्यालाच रिडंडंट केलं. निरोपाच्या दिवशी मॅनेजरने कार्डासोबत ऑनलाइन मागवलेला रोबो दिला. "यू लव्ह दीज, डोंट यू?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या कसल्या वाजवताय मेल्यांनो, असं अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. त्याने रोबो उलटा करून टाके पाहिले, सुटलेला एक धागा सुईने आत घेतला, "थँक यू" म्हणाला आणि जाताना तो रोबो आपल्या रिकाम्या डेस्कवर ठेवून गेला.

अजून तिथेच आहे. नवीन कुणी आलं की मॅनेजर तो उचलून कौतुकाने दाखवतो. म्हणतो, आमच्याकडे एक जण होता, त्याच्या हातचा आहे हा.