रनाळ्याची शेपटीवाली गाडी

नंदुरबार स्टेशनाबाहेर पडलो तेव्हाच लेखाचं शीर्षक माझ्या डोक्यात पक्कं होतं: ‘काळाच्या पुढची गाडी’. जुन्या गाड्यांचं मला वेड. त्यात ही महायुद्धाआधी युरोपात घडवलेली, शेपटीकडे निमुळती होत गेलेली, पाठीवर माशासारखा पर असलेली. रनाळ्याच्या प्रकाश पाटलांनी फोटो पाठवून कळवलं होतं, “वडिलांनी ती हट्टानं जपली. ते गेले, आणि आता काका भंगारात देताहेत. तुम्ही समजावलंत तर वाचेल.”

शहराबाहेर मिरच्या वाळत घातल्या होत्या. रिक्षात शिंकून शिंकून माझे हाल झाले. रिक्षावाला हसला, “पाव्हना, आते सवय करी ल्या.”

प्रकाशच्या घरी कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची) आणि ठेचा जेवलो. त्याचे काका, भाईदासआप्पा, समोरच बसले होते. ऐंशीच्या पुढचे. गाडीचा विषय काढला की पाण्याचा तांब्या पुढे सरकवायचे.

गाडी खळ्यात (मळणीच्या जागेत) उभी होती, शेजारी भंगारवाल्याचा गॅसकटर. पाच-सहा माणसं जमलेली पाहून मला राहवेना. मी पुढचं झाकण उचललं. आत नुसतं जादा चाक.

“इंजिन कोठे शे?” एकानं विचारलं.

मी याचीच वाट पाहत होतो. ऐटीत मागं गेलो, शेपटीखालचं झाकण उघडलं आणि सुरू झालो. इंजिन मागं, तेही वाऱ्यावर थंड होणारं, पाणी लागतच नाही, अशी गाडी तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती. लोक माना डोलवत होते.

“मन्हा बाप बी आसंच सांगी ऱ्हायंता,” आप्पा म्हणाले.

मी खूश होऊन वळलो. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

ते सांगू लागले. तरुणपणी त्यांची बायको सुमन बाळंतपणात अडली होती. आप्पांचे वडील तिला याच गाडीतून चिंचपाड्याच्या दवाखान्यात नेत होते. मागच्या सीटवर आप्पांच्या मांडीवर तिचं डोकं. विसरवाडीच्या अलीकडे गाडी बंद पडली. मदतीला थांबलेल्या ट्रकवाल्यांनी पुढचं झाकण उचललं आणि चाक पाहून ते हसले.

“बाप मांगलं झाकण उघाडीसन लोकेसले दखाडी ऱ्हायंता. यष्टी उभी ऱ्हायनी. डायवर बोलना, बाईले आठे बसाडा. बाप बोलना, पाटीलनी वहू (सून) यष्टीमा जाई का? गाडी आते चालू व्हई.” आप्पांनी मागच्या सीटकडं बोट केलं. “मी काही बोलनू नही. बापनासमोर कधी बोलेलच नव्हतू.”

गाडी सुरू झाली नाही. बाळ आणि आई, दोघं त्या सीटवरच गेली.

तरी मेलं माझं वेड! मी म्हणालोच, “आप्पा, संग्रहालयात दिली तर?”

“तठे बी कोनी तरी झाकण उघाडीसन सांगी.”

मला माझीच लाज वाटली. मी झाकण लावलं. आप्पा भंगारवाल्याला म्हणाले, “पहिले मांगनी सीट काढ.” सीट बाहेर आली तेव्हा प्रकाश घरात निघून गेला. आप्पा उभेच राहिले.

संध्याकाळी नंदुरबारच्या फलाटावर वही उघडून मी ते शीर्षक खोडलं. विसरवाडीच्या अलीकडून पुढं निघालेली ती यष्टी मात्र डोक्यातून जाईना. ती चिंचपाड्याला नेहमीच्या वेळेला पोचली असणार, आणि तिच्यात एक जागा रिकामी असणार.