गच्चीवरची लाल टाकी

आमच्या इमारतीच्या गच्चीवर आग विझवण्यासाठी दोन हजार लिटर पाणी होतं, आणि गच्चीची किल्ली माझ्याकडे होती. यापलीकडे या प्रकरणात माझा काहीही दोष नाही.

मी राहते अकोल्यात. इथे नळ चार-पाच दिवसांनी येतो, एप्रिलचं ऊन माणसाला भाजून काढतं आणि घरोघरी एक कूलर असतो, ज्याला जावयापेक्षा जास्त सांभाळावं लागतं. (जावई निदान दर दोन तासांनी बादलीभर पाणी मागत नाही!) अशा गावात दोन हजार लिटर पाणी नुसतं आगीची वाट पाहत बसवून ठेवायचं, म्हणजे भुकेल्या माणसासमोर ताट झाकून ठेवण्यासारखंच झालं.

तेल्हाऱ्याच्या शाळेतून मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, तेव्हा आठ बिऱ्हाडांच्या आमच्या इमारतीने मला एकमताने अग्निसुरक्षा प्रमुख केलं. "मॅडमचा आवाज असल्यावर भोंगा कायले पाह्यजे?" असं पहिल्या मजल्यावरचे धोटेभाऊ म्हणाले. मी लगेच एक रजिस्टर सुरू केलं. गच्चीवर जाणाऱ्याने टाकी पाहायची, शेरा लिहायचा, सही करायची. शाळेत रजिस्टरमुळे सगळं सुरळीत चालायचं. निदान रजिस्टरात तरी चालायचं.

यंदा त्या टाकीला खरंच महत्त्व आलं. माझी लेक प्रणाली तळमजल्यावरच्या हॉलमध्ये मुलींसाठी अभ्यासिका काढत होती. स्वतः अमरावतीत तीन वर्षं दुसऱ्याच्या अभ्यासिकेत कोपऱ्यातली खुर्ची धरून अभ्यास केलेली पोर! टेबलं आली, पंखे लागले, तीस मुलींनी नावं नोंदवली. उद्घाटन चौदा एप्रिललाच, हे आमच्या घरात वेगळं ठरवावंही लागलं नाही. फक्त अग्निशमन विभागाचा दाखला बाकी होता आणि त्यासाठी टाकी भरलेली हवी होती.

"आई, तुयं रजिस्टर हाये म्हनून मी निवांत हाये," ती म्हणाली. ऐकून मला फार बरं वाटलं.

आणि त्याच आठवड्यात भर दुपारी आमचा कूलर कोरडा पडला. घरात दोन ड्रम भरलेले होते, पण ते अडचणीसाठी. (अडचण आली तरी आम्ही ते उघडत नाही. त्याहून मोठी अडचण आली तर?) मी बादली उचलली.

"कुठी चालल्या मॅडम?" प्रणालीचे बाबा मला घरातही मॅडमच म्हणतात.

"गच्चीवर. एकच बादली आनतो."

"अन् आग लागली म्हंजे?"

"एका बादलीनं कोनती आग इझते? मोठी आग असन तर बादली पुरत नाई, अन् लहान असन तर फडक्यानंही इझते. म्हंजे ती एक बादली वर फुकटच पडून हाये!"

त्यांनी दार उघडून धरलं. लग्नाला छत्तीस वर्षं झालीत, त्यांना सवय आहे.

टाकीचा नळ बुडाशी होता, त्यामुळे झाकण उघडून आत पाहायची वेळच आली नाही. बादली भरली, रजिस्टरात लिहिलं, 'टाकी भरलेली आहे', आणि खाली सही ठोकली. अक्षर फार सुंदर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा एकच बादली. तिसऱ्या दिवशी धोटेभाऊ किल्ली मागायला आले. "टाकी पाहून येतो जरा. जबाबदारी काय तुमची एकटीचीच हाये का मॅडम?" मला त्यांचं कौतुक वाटलं. मग दुसऱ्या मजल्याला जबाबदारी वाटू लागली, मग चौथ्याला. रोज दुपारी कुणी ना कुणी टाकी पाहायला जायचं आणि सोबत बादली न्यायचं. (टाकी पाहायला बादली कशाला, हे मी कुणाला विचारलं नाही. कोणत्या तोंडाने विचारणार?) आठही कूलर दिवसभर घुमत होते आणि रजिस्टरात ओळीने एकच शेरा पडत होता: 'टाकी भरलेली आहे.'

जिन्यात आगीसाठी ठेवलेल्या रेतीच्या लाल बादल्याही एकेक करून दिसेनाशा झाल्या. माठाखाली ओली रेती असली की पाणी गार राहतं, हे वऱ्हाडात कुणाला शिकवावं लागत नाही. पहिली बादली मीच नेली होती.

बारा तारखेला ऐन दुपारी तपासणीला वानखडे साहेब आले. तरुण माणूस, घामाने चिंब. रजिस्टर चाळून थक्कच झाले. "मॅडम, असं रजिस्टर मी कुठी पाह्यलं नाई. एकही खाडा नाई!"

प्रणालीने अभिमानाने माझ्याकडे पाहिलं. मी पदर सारखा केला.

"पानी घ्या साहेब," प्रणालीचे बाबा म्हणाले. साहेबांनी लागोपाठ दोन गिलास रिचवले. "बाप्पा! किती थंड! फ्रिजचं हाये का?"

"नाई जी, माठाचं. खाली ओली रेती हाये न. हे पाहा!" असं म्हणून या भोळ्या माणसाने माठाखाली गुंडाळलेलं गोणपाट बाजूला सारलं!

साहेब वाकले. गोणपाटाखाली लाल बादली होती आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात 'आग' असं लिहिलं होतं. (अक्षर माझंच, म्हणून तर लांबूनही वाचता येत होतं.)

भरलेला तिसरा गिलास साहेबांनी हळूच खाली ठेवला आणि म्हणाले, "गच्चीवर जाऊ."

पंप सुरू केला. पाइप आधी खोकला, मग त्याने एक लांब सुस्कारा सोडला, मग त्यातून एक पाल बाहेर आली आणि शेवटी कपभर पाणी. साहेबांनी टाकीचं झाकण उघडलं. बुडावर कंपनीचा छाप होता, तो आम्हाला स्पष्ट वाचता आला.

"आज सकाळीच लिहेल हाये, टाकी भरेल हाये म्हनून. सही तुमचीच हाये न मॅडम?"

उभ्या नोकरीत मी मुलांच्या चोऱ्या पकडल्या. पकडलं गेल्यावर तोंड कसं करतात ते मला पाठ होतं; तेच केलं. पण समोर प्रणाली होती. ती रागावली असती तर मी दोन शब्द बोलले असते. तिचे डोळेच भरून आले. तेव्हा मात्र मला मनापासून लाज वाटली.

"मी एक बादली घेतली," मी म्हणाले. "रोज."

"मीनंही," मागून धोटेभाऊ पुटपुटले. "एकच." मग गच्चीवर जमलेल्या प्रत्येकाने आपापली एकेक बादली कबूल केली.

"उद्या पाच वाजता येतो," साहेब म्हणाले. "पाइपातून पानी आलं तर दाखला, नाई तर नाई. अन् रेती जाग्यावर पाह्यजे."

नळाला अजून तीन दिवस होते. टँकरवाल्याने फोनवरच हात जोडले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी जिन्यात उभी राहिले आणि निवृत्तीनंतर प्रथमच पूर्ण आवाज लावला. "ड्रम काढा!"

आठही दारं उघडली. अडचणीसाठी जपलेले ड्रम निघाले, माठ निघाले, कूलर उपसले गेले. तळापासून गच्चीपर्यंत सगळे रांगेत उभे राहिलो आणि बादल्या हातोहात वर जाऊ लागल्या. धोटेभाऊंनी तर कूलरच्या जाळ्यांतून गळालेलं गवतही पाण्यासोबत ओतलं. "जसंच्या तसं वापस करून राहिलो मॅडम!"

पाच वाजता साहेब आले आणि जिन्यातच थबकले. "हीच तर ड्रिल असते! वर्षभर सांगून राहिलो, कोनी करत नाई. तुमाले कोनं शिकवली?"

धोटेभाऊंनी हातातली बादली हळूच पाठीमागे नेली.

गच्चीवर पाइप मी धरला. (प्रमुख मीच ना!) पंप सुरू झाला, पाइपाने हिसडा दिला आणि पाण्याचा लोट, कूलरच्या गवतासकट, थेट साहेबांच्या छातीवर गेला! पंप बंद झाला. साहेबांनी तोंड पुसलं, मिशीतलं गवत काढलं.

"थंड हाये," म्हणाले आणि दाखल्यावर सही केली.

चौदा तारखेला अभ्यासिका उघडली. तीसही मुली आल्या आणि प्रणाली दारात उभी राहून इतकी हसत होती की मलाच रडू आलं. गच्चीची किल्ली आता तिच्याकडे असते. रजिस्टरही तिने बंद केलं. "आई, लिहू नको, फोटो पाठव," असा नियम आहे. म्हणून रोज सकाळी मी चार मजले चढते, झाकण उघडते, आत वाकून फोटो काढते आणि इमारतीच्या ग्रुपवर टाकते. टाकी अगदी काठोकाठ भरलेली दिसते, आणि पाण्यात, मधोमध, चोराचा चेहराही स्वच्छ दिसतो.