कट्ट्यावर पेपर वाचणारा पिराजी

आमच्या भिंतीला भिंत लागून पिराजी शिंपी राहायचा. बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, त्यावर त्यानं दुसरी केली न्हाय. दिवसभर मशीन आणि तो. घरातनं कधी बोलणं ऐकू आलं न्हाय, बोलणार कुणाशी? पण दिवे लागायच्या आधी तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बसला, की भोवती आख्खी गल्ली. वाचता येणारी माणसं हाताच्या बोटावर, म्हणून पिराजी सगळ्यांसाठी मोठ्यानं पेपर वाचायचा. तेवढाच काय तो माणसांत असायचा.

संस्थान हुतं तवाची गोष्ट. नको असलेल्या बातम्या वरनं हुकूम येऊन काढल्या जायच्या. आमच्या पेपरचा संपादकबी खमक्या, तेवढी जागा कोरीच सोडायचा. दुसरा कुणी असता तर सरळ पुढची बातमी धरली असती. पिराजी न्हाय. कोऱ्या जागेवर बोट ठेवून गप बसायचा, छापलं असतं तर वाचायला जेवढा वेळ गेला असता तेवढा. सगळा कट्टा गप. पैलवानबी खाकरायचे न्हाईत. काय काढलंय ते माणसांना बरोबर कळायचं.

एकदा पोलीस आला. "गप का बसलाईस रं?" म्हणून त्यानं पिराजीचा दंड धरला. तालमीचे गणपतराव आडवे आले. म्हणाले, "गप बसायलाबी परवानगी काढायची व्हय आता?" पोलीस आला तसा गेला. गणपतराव तवा वाघ हुता, खोटं कशाला बोलू.

मग संस्थान गेलं, मतं आली. गणपतराव निवडून येऊन नगरपालिकेचे मेंबर झाले. पेपर काठोकाठ भरून यायला लागला. पिराजी मला म्हणाला, "आक्का, आता घसा पुरंना बघा." त्याला हसताना मी तवाच बघितलं.

आणि एक दिवस गणपतरावांचीच बातमी आली. गल्लीला मंजूर झालेला नळ मेंबरांच्या घरामागच्या परड्यात बसला, असं छापलेलं. खोटं न्हवतंच की! आम्ही बाया त्यांच्याच परड्यात घागरी भरत हुतो, तेबी त्यांच्या बायकोची मर्जी असंल तवा. पिराजीनं ती बातमी वाचली. आवाज चढवला न्हाय, उतरवला न्हाय. निम्मी झाली तवा एकजण धोतर झटकत उठला, मग दुसरा. संपली तवा कट्टा मोकळा.

दुसऱ्या दिवशी कुणी फिरकलं न्हाय. त्याच्या पुढंबी न्हाय. मेली पोलिसाला भ्याली न्हाईत, ती नळाला भ्याली. पिराजी मातूर येळंवर जायचा. चष्मा पुसायचा, वाट बघायचा, घडी न मोडताच पेपर घेऊन परत यायचा. चूलबी पेटंना झाली. भाकरी नेऊन दिली तर "ठेवा" म्हणायचा, सकाळी ती तशीच. जीव तुटायचा माझा.

एका सांजेला मेंबरांच्या हाताखालचा जोतीराम कट्ट्यावर आला. माझं दार समोरच, म्हणून सगळं ऐकू आलं. म्हणाला, "पिराजीतात्या, मेंबरांचा राग न्हाय तुमच्यावर. कुस्त्या वाचा, शिनेमा वाचा, गुळाचा भाव वाचा. उद्यापासनं समदी येत्यात. मेंबर सोता येऊन बसतो म्हणाल्यात."

मला वाटलं, घे की बाबा. काय जातंय तुझं? किती दिवस भिंतीकडं बघत बसणार?

पिराजीनं चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "जोतीराम, मला माणसं पायजेत रं. लई पायजेत. रात्री झोप लागत न्हाय मला. पण आता गप बसलो, तर ते माझं मी बसलो असं हुईल. पेपरात तर सगळं छापून येतंय."

त्यानं पेपराची घडी मोडली आणि पहिल्या पानापासनं मोठ्यानं वाचायला लागला. जोतीराम उठून गेला. मी उंबऱ्यात बसून शेवटपर्यंत ऐकलं, पण त्यानं एकदाबी मान वर करून बघितलं न्हाय.