माझा अंतिम प्रवास : काळाचौकी ते भोईवाडा

आधी चहाचा कप खाली ठेवा, मग सांगतो. मागे हा प्रकार आमच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांना सांगितला तेव्हा त्यांच्या नाकातून चहा आला, आणि तो डाग अजून आमच्या सोफ्यावर आहे. माझी अब्रू जाणारच आहे, निदान सोफ्याची राखा.

तर मंडळी, मी एकदा मेलो होतो. फार वेळ नाही, साधारण अडीच तास. संध्याकाळी पाच ते साडेसात.

हसू नका. त्या वेळी माझी काय गाळण उडाली होती ते माझं मला माहीत.

मी चाळीस वर्षं लालबागच्या एका छापखान्यात प्रूफं तपासायचो. शुभविवाहाचा 'शुभविवाद' होता होता मी किती जोडप्यांना वाचवलं त्याची गणती नाही. पुढे त्यांच्या घरी जे व्हायचं ते झालं असेल, पण पत्रिकेत तरी मी होऊ दिलं नाही. अशा माणसाला मराठीचा अभिमान असायचाच. म्हणून नवा फोन घेतला त्याच दिवशी मी त्याची भाषा मराठी करून टाकली. आमची मानसी वकील आहे, कोर्टात सीनियरच्या हाताखाली काम करते. ती म्हणाली, बाबा, हे मराठी मशीनने केलेलं असतं, इंग्रजीच ठेवा. मी म्हटलं, काळाचौकीत राहायचं आणि फोनशी इंग्रजीत बोलायचं? माझ्या घरात हे चालणार नाही.

हा पहिला मूर्खपणा. दुसरा म्हणजे गाडी.

निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात, मी ड्रायव्हिंग शिकलो. साठाव्या वर्षी. लायसन्स दुसऱ्या खेपेला मिळालं. शेजारी बदलापूरला राहायला गेले, त्यांची लाल रंगाची छोटी गाडी मी घेतली आणि घरात फर्मान काढलं : गाडीला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. मानसी माझ्याआधी सहा वर्षं गाडी चालवते, माझ्यापेक्षा शंभर पटीने बरी चालवते, हे मला माहीत होतं. म्हणून तर फर्मान.

मग आला विम्याचा माणूस. त्याने माझ्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. म्हणाला, काका, तुम्ही गाडी कशी चालवता ते हे बघणार. कुठे गेलात, किती वेगात गेलात, ब्रेक कसा मारलात, वळताना काय केलंत, सगळं थेट कंपनीला जाणार. नीट चालवलीत तर पुढच्या वर्षी सवलत.

तेव्हापासून गाडीत बसलं की मला परीक्षेला बसल्यासारखं व्हायचं. समोर स्टँडवर फोन, आणि तो प्रत्येक प्रवासाला शंभरपैकी गुण देणार. पहिल्या दिवशी एकेचाळीस. दुसऱ्या दिवशी अडतीस. लालबागच्या पुलावर मी वीसच्या पुढे जायचो नाही आणि मागून लोक माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. समोर मांजर दिसलं की ब्रेक, मांजर दिसेल असं वाटलं तरी ब्रेक. आमची ही, म्हणजे सुलभा, गाडीत कंपनीबद्दल काही बोलायला लागली की मी तिला खुणेने गप्प करायचो. म्हटलं, ऐकत असतो तो.

ही झाली पूर्वपीठिका. आता त्या दिवसाकडे या.

सकाळी मी गाडीने जाऊन मसाला दळून आणला. दुपारी बांगड्याचं तिखलं आणि भात जेवलो आणि अडीचला आडवा झालो. पाचला उठलो. फोन टीव्हीशेजारी चार्जिंगला लावलेला. मी कधी लावला, आठवेना. सुरू केला आणि ठण्ण करून निरोप आला. शब्द न् शब्द सांगतो, काळजावर कोरला गेलाय :

'अभिनंदन! आपला अंतिम प्रवास यशस्वीरीत्या पूर्ण झाला आहे. काळाचौकी ते भोईवाडा. दुपारी ३.१० ते ३.२४. तपशील विमा कंपनीस कळवण्यात आला आहे.'

आता, तुम्ही आमच्या भागातले नसाल तर सांगतो. परळच्या भोईवाड्यात कोर्ट आहे, दुकानं आहेत, माणसं राहतात. पण तिथे स्मशान आहे, आणि आम्हा गिरणगावकरांच्या तोंडी 'भोईवाड्याला नेलं' याचा एकच अर्थ होतो. आमच्या अण्णांना, म्हणजे वडिलांना, तिथेच नेलं. आजोबांना तिथेच.

आणि अण्णांचं सांगायचं तर, मिलमधून पहिली पाळी करून आले, जेवले, दुपारी आडवे झाले, ते उठलेच नाहीत. चहा घेऊन मीच उठवायला गेलो होतो. वय वर्षं एकसष्ट.

मला त्याच महिन्यात एकसष्टावं लागलं होतं.

तीन दहाला मी कुठे होतो? अंथरुणात. दुपारचा. जेवून. पुन्हा निरोप वाचला. शुद्धलेखनाची एक चूक नाही. 'यशस्वीरीत्या' मधली री दीर्घ, बरोबर. चाळीस वर्षांच्या सवयीने मला वाटलं, ज्याची री बरोबर तो खोटं कशाला बोलेल?

बाथरूममध्ये जाऊन आरशावर श्वास सोडला. काच धूसर झाली. अण्णांच्या नाकापाशी मी असाच हात धरून बसलो होतो. तरी मन मानेना. म्हटलं, फोनला आतलं काही कळत असेल. हल्ली नाडी मोजतो, पावलं मोजतो. आपल्याला कळायच्या आधी कंपनीला कळलं असेल. खरं सांगतो, मला भयंकर भीती वाटली. मरणाची वाटली, आणि सुलभाला काही न सांगता जावं लागेल याची त्याहून जास्त वाटली.

बाहेर आलो. सुलभाने चहा पुढे केला. एक घोट घेतला आणि अंगावर काटा आला. चहा गोड होता.

माझ्या चहात गेली आठ वर्षं साखर नाही. साखरेचा डबा ती माझ्यापासून लपवते. आणि आज दोन चमचे साखर, शेजारी बशीत शिरा, वर काजू. मी विचारलं, हे काय? म्हणाली, खा हो, एक दिवस खाल्लंत म्हणून काय होतंय.

एक दिवस! फाशीच्या कैद्याला शेवटचं गोडधोड देतात तसं वाटलं मला.

मी हळूच विचारलं, "दुपारी मी झोपलो होतो तेव्हा काही झालं का गं?"

तिच्या हातातला चमचा खाली पडला. आतल्या खोलीत मानसी फायली वाचत बसली होती, तिने मान आणखी खाली घातली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं, ते मी बघितलं.

"काय होणार?" सुलभा म्हणाली. "छान झोपला होतात. अगदी हललासुद्धा नाहीत."

संपलं. यांना माहीत होतं, आणि या माझ्यापासून लपवत होत्या.

मी फोन घेऊन गॅलरीत गेलो आणि कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. अर्धा तास सनई ऐकवली. सनईच, शपथेवर. मग एक गोड आवाजाची मुलगी आली. मी कसाबसा म्हणालो, मॅडम, माझ्या अंतिम प्रवासाबद्दल विचारायचं होतं.

"हो सर, आजचाच आहे. दुपारी तीन दहाचा. पूर्ण झालाय."

"नक्की पूर्ण झालाय?"

"हो सर, काही प्रॉब्लेम नाही. भोईवाड्याला पोचलात तुम्ही."

"मला... मला नेलं कोणी?"

"सर, इथे चालक म्हणून तुमचंच नाव दिसतंय."

म्हणजे चार खांदेकरीसुद्धा मिळाले नाहीत. आपले आपण गेलो. मी गॅलरीचा कठडा धरला आणि विचारलं, परत आल्याचं काही दिसतंय का?

पलीकडे बटणांचा आवाज आला. "नाही सर. परतीचा प्रवास नाही. तिथेच सगळं थांबलंय. पण सर, मनापासून अभिनंदन. इतका शांत प्रवास क्वचित बघायला मिळतो. एक धक्का नाही, कुठे अडकणं नाही. शंभरपैकी सत्त्याण्णव."

माणसाची खोड बघा. जीव जायची वेळ, आणि मी काय विचारलं असेल?

"तीन कुठे गेले?"

"वळणावर गेले, सर. पुढच्या प्रवासासाठी शुभेच्छा."

पुढच्या प्रवासासाठी! मी तिथेच तुळशीच्या कुंडीशेजारी खाली बसलो. खाली रस्त्यावर मंडळाची पोरं वर्गणीची पुस्तकं घेऊन फिरत होती, भाजीवाली मिरच्यांवर पाणी मारत होती, आणि मला सगळ्यांचं एकदम प्रेम आलं. समोरच्या इमारतीतला जो माणूस माझ्या जागेवर स्कूटर लावतो, त्यालासुद्धा मी मनातल्या मनात माफ केलं. ते मी नंतर परत घेतलं.

साडेसातला ठरवलं, जायचंच आहे तर नीटनेटकं जावं. आत गेलो. दोघींना समोर बसवलं. बँकेची पासबुकं कपाटात कुठे आहेत ते सांगितलं. सुलभा म्हणाली, असा काय करतास? घाबरली की ती मालवणीत शिरते. मी हात वर करून तिला थांबवलं. मग गाडीची किल्ली काढली आणि मानसीच्या हातात ठेवली.

"माझ्या मागे गाडी तुझी," मी म्हणालो. "जपून चालव. मी उगाच हट्ट केला. तू माझ्यापेक्षा चांगली चालवतेस, मला पहिल्यापासून माहीत होतं."

मानसीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. म्हटलं, पोरीचा जीव आहे आपल्यावर.

"बाबा, असं टोमणे मारून नका ना बोलू," ती रडत म्हणाली. "सरळ ओरडा. मीच नेली होती भोईवाड्याला."

"काय नेली?"

"गाडी. कोर्टात फायलींचे गठ्ठे पोचवायचे होते, टॅक्सी मिळेना. तुम्ही झोपला होतात. आईने किल्ली दिली. पण बाबा, ओरखडासुद्धा नाही आला, आणि साडेचारला होती तिथे आणून लावली."

मी फोन पुढे केला. तिने निरोप वाचला. पुन्हा वाचला. मग तिचं रडणं कुठे संपलं आणि हसणं कुठे सुरू झालं ते मला कळलं नाही. सकाळी मसाला आणल्यावर फोन मी गाडीतच स्टँडवर विसरलो होतो. तो मानसीबरोबर भोईवाड्याला गेला, कोर्टाच्या दारात त्याचं चार्जिंग संपलं, म्हणून परतीची नोंद नाही. घरी आल्यावर तिनेच गुपचूप चार्जिंगला लावला. आणि तो शिरा, ती साखर? ती सुलभाने किल्ली दिल्याची लाच होती.

"अंतिम म्हणजे लास्ट ट्रिप, बाबा," मानसी डोळे पुसत म्हणाली. "आत्ता झालेली. मशीनने लास्टचं अंतिम केलं."

चाळीस वर्षं लोकांच्या चुका काढणाऱ्या माणसाला आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक समोर दिसत होती, आणि मी तिच्यातली री तपासत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीला खरमरीत पत्र लिहिलं. 'अंतिम' काढा, 'नुकताच झालेला' घाला, मराठी माणसाच्या जिवाशी खेळू नका. दोन मिनिटांत उत्तर आलं : 'आपली अंतिम इच्छा नोंदवण्यात आली आहे.'

फोन मी त्याच दिवशी इंग्रजीत केला. कुणाला सांगू नका.

आणि किल्ली? ती मी परत मागायला गेलो, पण मानसी वकील. म्हणाली, दोन शुद्धीतल्या माणसांसमोर दिलीत, आता परत घेता येणार नाही. त्या गणपतीत गावाला गेलो ते तिनेच चालवत नेलं. मी मागच्या सीटवर, फोन खिशात, पनवेलच्या पुढे झोपलो तो थेट कणकवलीला उठलो. उठलो, हे महत्त्वाचं. फोन बघितला तर चालक म्हणून माझं नाव आणि शंभरपैकी अठ्ठ्याण्णव.

मी मोठ्या अभिमानाने फोन सुलभाला दाखवला. म्हटलं, बघ, जागेपणी एकेचाळीस आणि डोळे मिटले की अठ्ठ्याण्णव.

तिने चष्मा लावून आकडा बघितला, फोन मला परत दिला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली,

"मेल्या म्हशीक मणभर दूध."