बोरिंगवरची मीटिंग

पोंभुर्ण्यातल्या आमच्या मोहल्ल्याचं मंडळ नाटकापुरतंच होतं. धान घरात आलं की नाटक ठरायचं, भोंगा लावलेली रिक्षा फिरायची, मंडप पडायचा. मी घरातली पहिली पदवीधर. निकाल लागला त्या वर्षी मंडळाने नाटकाच्या मध्यंतरात शाल-नारळ देऊन माझा सत्कार केला, मग सचिवही केलं. त्या मायेचे उपकार मी विसरलेले नाही.

पुढच्या हिवाळ्यात नाटक ठरायच्या आधी बोरिंगच्या, म्हणजे हातपंपाच्या, वाटेवर बिबट दिसला. वाटेच्या दोन्ही बाजूंना माणूसभर उंच झुडपं, आणि आई रोज संध्याकाळी तिथूनच पाणी आणायची.

"तुया मंडळाले सांग, झुडपं तोडा म्हणा," ती म्हणाली.

"तूच ये ना मीटिंगले."

"सहा वाजता? मंग पाणी का तुया बाबा आणते?"

हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. बाया पाण्यावर असायच्या नेमकी तेव्हाच मंदिरासमोर आमची मीटिंग भरायची, आणि अध्यक्ष दर वेळी कुरकुरायचे, "बाया येतच नाई."

मी त्यांना वेळेचं सांगितलं. ते हसले, "मग का बोरिंगवर मीटिंग घ्याची, बाई?"

"घेऊ ना, भाऊ."

दुसऱ्या दिवशी सगळे पुरुष खरंच बोरिंगवर आले आणि बावचळून उभे राहिले. एक काकू म्हणाली, "नुसते उभे काऊन? हापसा जरा!" अध्यक्षांनीच दांडा धरला. बाया खळखळून हसल्या.

मग डोक्यावरचा पाण्याचा गुंड खाली ठेवून आई बोलली. चारचौघांत बोलताना मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. "भाऊ, नाटकाच्या मंडपासाठी एका दिवसात जागा साफ करता. आमी रोज जीव मुठीत धरून या वाटेनं येतो. ही वाट काऊन साफ होत नाई?"

अध्यक्षांचा हात दांड्यावरच थांबला. "नाटक मागून पाहू," ते म्हणाले. "आधी वाट."

रविवारी कोयते, कुऱ्हाडी घेऊन सगळा मोहल्ला उतरला. दिवस मावळायच्या आत वाट या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडी झाली. नाटकही झालं, जरा उशिरा.

आता घरोघरी नळ आले. मीटिंग मात्र अजून बोरिंगवरच भरते. संध्याकाळ झाली की आई लुगडं बदलते, केस नीट करते आणि रिकाम्या हातांनी त्या वाटेने निघते. मी मागून हजेरीचं रजिस्टर घेऊन जाते.