पंपाच्या पट्ट्याखालची घडी

वांग्यांवर फवारायला निघताना बाबा पाठीवरच्या पंपाच्या डाव्या पट्ट्याखाली दुपट्ट्याची घडी ठेवू लागले, तेव्हा घरात कुणालाच खटकलं नाही. त्यांच्या छातीवर सुपारीएवढी टणक गाठ होती, दुखत नव्हती. भातकुलीकडे आमच्या शिवारात खांद्याछातीवर काही उठलं की कारण ठरलेलं: पट्टा घासला. उपायही ठरलेला: एरंडाचं पान गरम करून बांधा. आई वर्षभर पानं बांधत राहिली. छातीचं टोक आत ओढलं गेलं, तरी दोष पट्ट्याचाच.

याच घरातून बाबांची सख्खी बहीण स्तनाच्या कॅन्सरने गेली होती. त्याआधी त्यांची आईसुद्धा. पण ती बायकांची दुखणी! बाप्यांनी त्याचा विचार कशाला करायचा?

शेवटी मी त्यांना अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. स्तनतपासणीच्या रांगेत सगळ्या बायकाच. आतून बाई ओरडली, "पेशंटले आत पाठवा, माणसं बाहेर थांबा!" पेशंट मीच, असं तिने धरलं होतं. बाबा मागे सरकले. मी तिच्याशी कडाडून भांडले. बाबांनी माझा हात ओढला.

"काहून ओरडून राहिली? बायकायचा रोग झाला मले, आता दवंडी पिटतं का?"

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. रक्तातला हा दोष आजीकडून आत्याकडे आला, तसाच बाबांकडेही आला. तो मुलगा-मुलगी पाहत नाही. बापाकडून लेकरांत उतरू शकतो. पुरुषालाही ही गाठ होते, फक्त कुणी बघत नाही. घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्या, बाबांचे सख्खे भाऊ म्हणून काकांनी तर आधी.

बाबा गेले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या त्या वर्षांत कर्ता माणूस गेला की बाहेरून येणारे पहिलं हेच विचारत, फवारणीचं औषध घेतलं का? नाही म्हटलं की त्यांचा रस संपायचा. आणि घरचे? काकांनी चारचौघांत सांगून टाकलं, फुप्फुसाचा कॅन्सर होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्यावरही माझ्या बापाला त्याचा खरा आजार मिळू दिला नाही यांनी.

मी रक्ताची तपासणी करून घेतली. दोष माझ्यातही निघाला. खूप रडले, पण निदान कुठे पाहायचं ते कळलं. तेच सांगायला काकांकडे गेले.

"तू बाईमाणूस, तुले ठीक आहे," काका म्हणाले. "मी कायले जाऊ? पोरीची सोयरीक जमून राहिली. बोभाटा नको करू."

ज्या पोरीच्या सोयरिकीसाठी तोंड शिवायचं, तिच्याच रक्तात हे असलं तर? मी तोंडावर विचारलं. काका उठून गोठ्यात निघून गेले.

त्या पावसाळ्यात ते मला दोन शेतांमधल्या धुऱ्यावर भेटले. वांग्याच्या वाफ्यांतून येत होते, पाठीवर पंप. डाव्या पट्ट्याखाली दुपट्ट्याची घडी.

माझी नजर तिथेच खिळलेली पाहून म्हणाले, "पट्टा घासते थोडा."

मी त्यांच्या खांद्यावरून पंप ओढून काढला आणि धुऱ्यावर ठेवला. 

"चला."

"कुठीसा?"

"अकोल्याले. बायकायच्या लायनीत. बाबाले उशीर झालता."